आत आलेलं पाणी

लेख लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरातून माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. घरात लिहिणं झालं ते सहीपुरतं, नाहीतर बियाण्याच्या पोत्यावर नाव घालण्यापुरतं. मी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं आहे. आम्हाला निरीक्षण लिहायला शिकवतात. काय दिसलं, कशात दिसलं, काय केल्यावर बदललं. मनातलं कसं लिहावं ते शिकवत नाहीत, आणि ते विचारायचं कुणाला हेही मला ठाऊक नाही. म्हणून हे निरीक्षणासारखंच लिहितो आहे. जिथं मी कमी पडेन तिथं वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

निमित्त कडब्याच्या वासाचं. परीक्षेचे दिवस आले की आमच्या प्रयोगशाळेत कडबा उकळतात. ज्वारीच्या ताटांचे बोटाएवढे तुकडे करायचे, पाण्यात उकळायचे, गार होऊ द्यायचं आणि त्यात तलावाचं पाणी घालून बरणी कोपऱ्यात ठेवून द्यायची. आठवडाभरात बरणीत पॅरामीशियम वाढतात. इतर मुलं नाकाला रुमाल लावतात. मला मात्र तो वास आला की गोठ्यात उभं असल्यासारखं वाटतं, आणि त्याच वासामागून दुसरं बरंच काही येतं. मागच्या वर्षीचा उन्हाळा. शहरातल्या गुलमंडीच्या गल्लीतलं, माझ्या घरमालक चाचांचं कापडाचं दुकान, दुकानासमोरचा रांजण, आणि त्या रांजणाशेजारी बसलेले, पाणी पिण्याची मनाई असलेले चाचा.

परवा सकाळी कडबा उकळायला ठेवून मी खोलीवर गेलो आणि रांजण बाहेर काढला. आतून घासला, वर ओलं लाल कापड गुंडाळलं. पावसाळ्यापासून कोरडा पडलेला रांजण पहिलं पाणी स्वतःच पितो. थोडा वेळ तो तसाच पीत राहिला आणि मी बघत बसलो.

पॅरामीशियम म्हणजे एकाच पेशीचा जीव. नुसत्या डोळ्यांना तो पाण्यातल्या पांढऱ्या कणासारखा, तोही दिसला तर दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली चपलेच्या तळव्याच्या आकाराचा, सारखा पळणारा. त्याला थोपवायला मॅडमनी आम्हाला काचपट्टीवरच्या थेंबात कापसाचे चार तंतू घालायला शिकवलं. तंतूंच्या जाळीत तो अडकतो आणि नीट बघता येतो. ते तंतू मी आईच्या वातींच्या कापसातले नेले होते, कारण आमच्या घरी दुसरं काही नसलं तरी कापूस असतोच.

पहिल्यांदा तो अडकला तेव्हा मला त्याच्या अंगात एक चांदणी दिसली. मध्ये गोल, भोवती बारीक किरणांसारख्या नळ्या. नळ्या भरत गेल्या, मधला गोल फुगत गेला आणि एकदम नाहीसा झाला. मला वाटलं मीच काही बिघडवलं. तोवर तिथं पुन्हा बारीक ठिपका उगवला होता.

"हीच ती संकोची रिक्तिका," मॅडम मागून म्हणाल्या. "पाणी बाहेर टाकतेय."

"कसलं पाणी, मॅडम?"

"आत शिरलेलं. पेशीच्या आत क्षार जास्त आहेत, तलावाच्या पाण्यात कमी. म्हणून बाहेरचं पाणी सारखं आत शिरतं. मनुका पाण्यात टाकल्यावर फुगते की नाही? तसं. फक्त मनुकेला पाणी बाहेर टाकता येत नाही, याला येतं. ते थांबलं तर फुगून फुटेल बिचारा."

मग त्यांनी उलटही सांगितलं. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की फोडी पाणी सोडतात आणि आकसतात, तसं खारट पाण्यात टाकलं तर याच्याही अंगातलं पाणी निघून जातं. म्हणजे त्याला दोन्हीकडून धोका. आणि हे त्याचं काम जन्मभर चालू. खातानाही चालू, पळतानाही चालू.

मी हे घरी सांगितलं तेव्हा आई चुलीपुढं बसली होती. हातातली भाकरी तव्यावर तशीच राहिली.

"पानी लई येतं म्हणून तरास हाये त्याला?"

"हो."

"आन तुमच्या त्या शहरात नळाला कधी यायचं त्याचा पत्ता नाय." ती हसायला लागली. "त्याला म्हणावं, ये रं बाबा गुलमंडीत राहायला. समदा तरास जाईल."

तिचंही बरोबर होतं. आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखा असतो. पाणी आलं की दुकानं अर्धवट टाकून माणसं घरात पळतात, पिंप, हंडे, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवतात. मी चाचांच्या दुकानावरच्या खोलीत राहतो. पाणी आलं की खालून चाचींची हाक यायची, "ओ बेटा, आव जल्दी, पानी आया!" आणि मी उघडं पुस्तक तसंच टाकून जिना उतरायचो.

त्या भरलेल्या पाण्यातला पहिला हंडा मात्र रांजणात जायचा. घरात कितीही ओढ असो. चाचा म्हणायचे, हे त्यांच्या दादांपासून, म्हणजे आजोबांपासून चालत आलं आहे. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात दादांनी भीतभीतच दुकान उघडलं. गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा त्यांनी दारात रांजण ठेवला. "कपडा लेने कोई नय आता था," चाचा सांगायचे, "पन पानी पीने तो आयेंगे ना? आले. आधी लांबून पिऊन जायचे, मग फळीवर टेकून, मग बोलायला लागले. फिर बोले, अब आये है तो धोतरजोडी भी दिखाव." हे सांगताना ते दर वेळी तितकेच खूश व्हायचे.

चाचा मला प्रोफेसर म्हणत. खोली घ्यायला मी पहिल्यांदा आलो तेव्हा दाराशीच उभा राहिलो होतो, आत यावं की नाही ते कळेना. त्यांनी लांब दांड्याच्या ओगराळ्यानं पाणी काढून माझ्यापुढं धरलं आणि म्हणाले, "पी ले पहले. डर बाद में." मी प्यालो. खोली मिळाली.

मागच्या वर्षी फाल्गुन संपता संपता त्यांच्या पायांत चपला जाईनाशा झाल्या. आधी वाटलं, चपलाच आकसल्या असतील उन्हानं. मग चेहरा भरला. डोळ्यांखाली फुगवटा आला. त्या दिवसांत आई मला ज्वारीचं पीठ द्यायला आली होती. तिनं चाचांना बघितलं आणि मनापासून म्हणाली, "तब्येत लई सुधरली भाऊ तुमची. अंग धरलंय. भाबी काय खाऊ घालतात?"

आमच्या गावात माणूस भरला म्हणजे बरा, वाळला म्हणजे आजारी. उन्हाळ्यात तर कुणाच्या गालावर मांस दिसलं की बायका नजर काढतात. आईनं तिथल्या तिथं बोटं मोडून चाचांची नजर काढली. चाचाही हसले. चाची मात्र हसल्या नाहीत. त्या खाली बघत कापडाचा ताका गुंडाळत राहिल्या, आणि आई गेल्यावर मला म्हणाल्या, "वो मांस नय है बेटा. पानी है."

दोन्ही मूत्रपिंडं काम सोडत चालली होती. प्यालेलं पाणी बाहेर जात नव्हतं, अंगातच साठत होतं.

डॉक्टरांनी पाणी बांधून दिलं. दिवसभरात एवढंच, त्यात चहाही आला, वरणातलं पाणीही आलं. चाची सकाळी एका बाटलीत दिवसाचं पाणी भरायच्या आणि फोडणीच्या छोट्या वाटीनं द्यायच्या. मीठ बंद. चाचांना वाईट वाटू नये म्हणून घरात सगळ्यांचंच अळणी. माझा रात्रीचा डबा त्यांच्याकडून असायचा, तोही अळणी झाला.  आठवड्यानं बाहेर एक भजं खाल्लं तर जीभ पोळल्यासारखी वाटली.

उन्हाळा चढत गेला आणि चाचा रांजणाजवळून हलेनात. दुकान चाची बघायच्या. ते फळीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ओगराळ्यानं पाणी द्यायचे. हमाल, रिक्षावाले, औरंगपुऱ्याकडून पुस्तकं घेऊन येणारी शाळेची पोरं. देताना ते पिणाऱ्याच्या गळ्याकडे बघत राहायचे. घोट खाली जाताना गळा हलतो, तेवढंच. त्यांच्या ओठांची सालं निघालेली असायची. नमाजाआधी वजू करताना चूळ जरा लांबायची. आतून चाचींचा आवाज यायचा, "अजी, वजू चालू है के दावत?"

"थूक रहा हूँ, बाबा, थूक रहा हूँ!"

एका दुपारी त्यांनी मला विचारलं, "प्रोफेसर, वो तेरा पानी फेकनेवाला जनावर कैसा दिखता?"

मी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला मोबाइल लावून चित्रण घेतलं होतं. ते दाखवलं. चाचांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला.

"ये तो चप्पल है! मेरे पाँव में चप्पल जाती नय, आणि हा सगळाच चप्पल."

मी बोट ठेवून रिक्तिका दाखवली. भरताना, मिटताना, पुन्हा भरताना. चाचांनी मोबाइल आणखी जवळ घेतला. संपलं की पुन्हा लावायला सांगत. एक माणूस पाणी मागायला आला, तो स्वतःच पाणी घेऊन पिऊन गेला, चाचांना कळलंही नाही.

"किती आहेत याला अशा?"

"दोन. एक पुढं, एक मागं."

"मला पण दोनच होत्या. साले दोनो एकसाथ हड़ताल पे." ते हसले. मग मोबाइल मांडीवर ठेवून सहज विचारल्यासारखं म्हणाले, "आणि बंद पडली तर रे?"

मला उत्तर येत होतं. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी रांजणाकडे बघितलं. लाल कापडावरून थेंब उतरत होते.

"फुगतो," मी म्हणालो.

"फिर?"

"फुटतो, चाचा."

त्यांनी मान हलवली, दर विचारून घेतल्यावर गिऱ्हाईक हलवतं तशी. मग माझ्या पाठीवर हात ठेवला. "अच्छा किया बोल दिया. डॉक्टर लोगां बहुत घुमाते रे."

त्याच आठवड्यात आम्हाला मिठाचा प्रयोग होता. हर्सूलच्या तलावाचं पाणी मी सायकलवर जाऊन आणलं होतं. पाणी आटून काठाला गाळाच्या भेगा पडल्या होत्या, बाटली भरायला बरंच आत जावं लागलं. त्या पाण्यातल्या पॅरामीशियमची रिक्तिका झपाझप चालत होती. मग थेंबात मिठाचं अगदी सौम्य द्रावण सोडलं. पेशी थोडी आकसली. रिक्तिका मंदावली आणि थांबली. मी वहीत "बंद" असं लिहायला घेतलं.

मॅडम म्हणाल्या, "लिहू नकोस. बघत बस."

"थांबली, मॅडम."

"थांबली म्हणजे मेली असं नाही. बाहेर अचानक बदल झालाय. आतला हिशेब पुन्हा जुळवायला तिला वेळ लागतो. मीठ फार असतं तर गोष्ट वेगळी."

मी बघत बसलो. डोळ्यातून पाणी यायला लागलं. बाकीची मुलं डबा खायला गेली. काहीच होत नव्हतं. आणि मग जिथं काही नव्हतं तिथं ठिपका दिसला. तो फार सावकाश वाढला. मिटला. पुन्हा आला. मी आजूबाजूला बघितलं, पण सांगायला कुणीच नव्हतं.

कधीकधी वाटायचं, मीही असाच शहराच्या पाण्यात येऊन पडलो आहे. चहूकडून काय काय आत शिरतं, इंग्रजी शब्द, लोकांची घाई, लाज, आणि ते सगळं ठेवलं तर आपण फुटू. पण मॅडम म्हणतात, उपमा उत्तरपत्रिकेत लिहू नये. म्हणून एवढ्यावर थांबतो.

चाचांचं डायलिसिस सुरू झालं. एक यंत्र त्यांचं रक्त धुऊन अंगातलं जादा पाणी काढून घ्यायचं. परत आले की चेहरा उतरलेला, गाल बसलेले, पायांत चपला बरोबर. आई तेव्हा पुन्हा आली होती. दारातच थबकली.

"आगं बाई! किती वाळले वो भाऊ! काय झालं?"

"अब अच्छा हूँ मैं, बाई," चाचा म्हणाले. "तब बीमार था."

आईला ते कळेना. मी जिन्यात बसून तिला मनुकेचं सांगितलं.  ती म्हणाली, "म्हंजी मी नजर काढली तवा त्यो मानूस पान्यानं बुडू लागला व्हता." आणि खाली जाऊन चाचींजवळ बसली. दोघी एका परातीत मेथी निवडत बसल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही. एकीची मराठी, दुसरीची दखनी, पण बोलत होत्या.

यंत्रावर किती दिवस निघतील ते डॉक्टर सांगत नव्हते. चाचींनी परस्पर आपल्या तपासण्या करून घेतल्या होत्या. मूत्रपिंड जुळतंय असं कळलं त्या दिवशी त्या दुकानात उभ्या राहूनच म्हणाल्या, "मेरा एक ले लो."

चाचा चिडले. मी त्यांना चिडलेलं तेवढंच बघितलं. "नक्को! मेरे वास्ते तेरा पेट नय चीरना. मला नाही पाहिजे."

"तुमकू कौन पूछ रहा?" चाचींच्या हातात कापड मोजायची लोखंडी पट्टी होती. "दो महिने से इस घर में पानी मैं नाप रही हूँ. तुम्ही पिणारे, तुम्हाला फक्त तहान दिसते. मी देणारी. वाटी भरताना माझा हात कसा थांबतो ते मला ठाऊक. मेरे कू नय नापना अब."

 समोर एक बाई तान्हं पोर घेऊन पाण्यासाठी उभी होती. चाचांनी ओगराळं भरलं आणि तिच्यापुढं धरलं. थोडं पाणी सांडलं.

ऑपरेशनसाठी पुण्याला जायच्या दिवशी त्यांनी दुकानाची किल्ली शेजाऱ्यांकडे आणि ओगराळं माझ्याकडे दिलं. "रांजन सूखा नय रहना," एवढंच म्हणाले.

ऑपरेशन होतं त्याच दिवशी माझी प्रात्यक्षिक परीक्षा होती. माझ्या वाट्याला पॅरामीशियमच आला. मी थेंब घेतला, वातीच्या कापसाचे तंतू घातले, झाकणकाच ठेवली. हात नीट चालत होते. बाहेरून आलेले परीक्षक भिंगातून बघून म्हणाले, "ठीक. आता सांग, ही रिक्तिका थांबलेली दिसली तर काय निष्कर्ष काढशील?"

फुगते आणि फुटते, हे मला येत होतं. तोंडातून बाहेर येईना. मी म्हणालो, "सर, थांबून बघावं लागेल."

"किती वेळ?"

"माहीत नाही, सर."

ते माझ्याकडे बघत राहिले. मॅडम खिडकीजवळ उभ्या होत्या, त्या बाहेर बघायला लागल्या. परीक्षकांनी काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मुलाकडे गेले.

संध्याकाळी चाचांच्या मुलीचा फोन आला. ती पुण्यालाच सासरी असते. अम्मी शुद्धीवर आहेत, अब्बूही आहेत. मूत्रपिंड बसवलं, रक्त त्यात नीट खेळतं आहे. पण लघवीचा थेंब नाही. डॉक्टर म्हणतात, कधीकधी असं होतं, नवीन जागी ते झोपून राहतं. जागं होईल किंवा होणार नाही. तोवर यंत्र पुन्हा चालू.

परीक्षा संपल्यावर मी गावी गेलो. जाताना शेजाऱ्यांना रांजणाचं सांगून गेलो. रानात कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उपटायचं काम चाललं होतं. आमच्या गावात फोनला रेंज फक्त घराच्या मागच्या भिंतीवर येते, म्हणून सगळे तिथंच मोबाइल ठेवतात आणि आई अंगणातून कान देऊन असते. रोज मी रानातून आलो की ती आधीच मान हलवायची. नाही आला. एकदा मुलीचा आला, तर तेच. लघवीची पिशवी कोरडी. अंग पुन्हा फुगलंय. अम्मी उठून बसतात आणि अब्बूंच्या पलंगाजवळ जाऊन पिशवीकडेच बघत राहतात.

मी चाचींना मिठाच्या थेंबाचं सांगावं असं फार वाटायचं. थांबली म्हणजे मेली असं नाही. पण एका पेशीवरून माणसाचं काय सांगणार, आणि माझ्यासारख्यानं कोण होऊन सांगायचं. मी पऱ्हाटी उपटायचो, माती झटकायचो, पुढच्या पऱ्हाटीला हात घालायचो. जेवायला बसलो की आईच्या भाजीत मीठ जास्त वाटायचं आणि मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावून मध्येच थांबायचो.

मग एका सकाळी बांधावरून आई पळत येताना दिसली. तिला पळताना मी लहानपणानंतर बघितलं नव्हतं. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात पदर. शेजारच्या रानातली माणसं काम टाकून उभी राहिली. माझ्या हातातली पऱ्हाटी हातातच राहिली. ती अजून बरीच लांब होती, तिथूनच ओरडायला लागली.

"आरं ए! भाबीचा फोन! मुतले रं चाचा! पाहाटंपसून पिशवीमागं पिशवी भरू लागली म्हणं! डाक्टरनं सांगितलं, आता पानी प्या, भरपूर प्या! भाबी म्हनल्या, वाटी नाय, आता तांब्यानं देऊ राहिले!"